रात्रीची कॅप्सूल

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. लिव्हर ट्रान्सप्लांट झालेला माझा एकच पेशंट, पन्नाशीचा, कापसाचा शेतकरी. हेपटायटिस बी, त्यातून सिरॉसिस म्हणजे लिव्हर कडक होणं, त्यातून कॅन्सरची गाठ. गाठ एकच आणि पाच सेंटिमीटरच्या आत होती म्हणून ट्रान्सप्लांटच्या निकषात बसला. लिव्हरचा भाग बायकोनं दिला, दोन एकर वावर विकलं, नागपूरला ऑपरेशन झालं.

तेव्हापासून त्याचं जगणं टॅक्रोलिमसवर, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर आहे. सकाळी नऊ, रात्री नऊ, पोट रिकामं. रक्तात प्रमाण कमी पडलं तर शरीर नव्या लिव्हरवर उठतं. जास्त झालं तर किडनीला मार बसतो, हात थरथरतात. या औषधात डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलायची नसते. आमच्या होलसेलरला ते सांगून थकलो. "कंटेंट तोच आहे, चालवून घ्या ना!" पॅरासिटामॉलला हे चालतं, इथे नाही. म्हणून त्याच्या कंपनीचं एक पाकीट मी कायम आगाऊ मागवून ठेवतो. पावसाळ्यात कॅप्सूलला ओल लागू नये म्हणून फॉइलचं पाकीट कधी फोडून देत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

पोळ्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी तो रिपोर्ट घेऊन आला. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते एसजीपीटी चाळिसाच्या आत असायचं, ते दीडशेच्या वर गेलेलं. टॅक्रोलिमसची लेव्हल मात्र व्यवस्थित. नागपूरहून पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं. मी आधी गुळवेलीचं विचारलं. आमच्याकडे कडुनिंबावर चढलेली गुळवेल प्रत्येक गावात आहे आणि कोविडपासून जो तो काढा पाजतो. तिच्यामुळे लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. ट्रान्सप्लांटवाल्यानं तर तिच्या वाटेलाच जाऊ नये.

"नाई भाऊ, हातबी नाई लावला."

मग मी कॉम्प्युटरवर त्याची जुनी बिलं काढली. महिन्याचं औषध दीड-दीड महिना पुरत होतं.

"रक्त कधी दिलं?"

"गोया घेऊनच गेलो ना सकाळी. अकरा वाजले असतीन."

तिथे सगळं उलगडलं. ही लेव्हल सकाळचा डोस घेण्याआधी, रात्रीच्या डोसला बारा तास होताना बघायची असते. कॅप्सूल गिळल्यावर तास-दोन तासांत रक्तातलं प्रमाण चढतं. रात्रीचा डोस बुडाला असला तरी आकडा झकास दिसतो. कलेक्शन सेंटरवाल्याला जांभळ्या झाकणाची ट्यूब भरून नागपूरच्या गाडीत टाकणं माहीत. शेवटची गोळी कधी घेतली, हा एक प्रश्न विचारायला काय लागतं? या गोष्टीची चीड माझी अजून गेलेली नाही.

मी सरळ विचारलं. पैशाचं कारण सांगेल असं वाटलं होतं. त्याचं काय करायचं ते मी मनात जुळवलंही होतं.

"पैशाचं नाई भाऊ. या गोयांनं आंगातली ताकद मरते म्हणतात. ताकदच नसली तं कॅन्सर वापस येईन ना? म्हणून रातची कधीमधी सोडो मी."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण तो चुकीचं बोलत नव्हता. प्रतिकारशक्ती दाबली की मागे राहिलेल्या कॅन्सरच्या पेशींना मोकळं रान मिळू शकतं. म्हणूनच अशा पेशंटची टॅक्रोलिमसची मात्रा डॉक्टर जमेल तितकी खाली ठेवतात. पण ते रक्त बघून उतरवतात, हा घरी एकटाच ठरवत होता. डिस्चार्ज कार्डावर 'औषध बंद करू नये' एवढंच ठळक छापलेलं. शिकलेला नसला तरी विचार करणारा माणूस आहे. त्याला कारण सांगायची तसदी कुणी घेतली नव्हती.

त्याच्यासमोरच मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन लावला. आजच निघा, असं उत्तर आलं. "हिले नका सांगू," तो म्हणाला. वहिनी समोरच भाजी घेत होत्या. मी त्यांना एवढंच सांगितलं की रिपोर्ट वाढलाय, नागपूरला जायचंय.

बायोप्सीत रिजेक्शन निघालं, म्हणजे शरीर नवं लिव्हर नाकारत होतं, पण सुरुवातीचं. तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, शुगर चढली, काही आठवडे इन्सुलिन घ्यावं लागलं. एसजीपीटी उतरलं. आता टॅक्रोलिमस कमी करून जोडीला एव्हरोलिमस, प्रतिकारशक्ती दाबणारंच दुसरं औषध, आहे. गाठीसाठीचा अल्फा फीटोप्रोटीनचा रिपोर्ट आतापर्यंत नॉर्मल येतोय. "डाक्टरनं बी कमीच केली ना शेवटी?" तो विचारतो. केली, पण रक्त तपासून, असं मी प्रत्येक वेळी सांगतो. त्याला ते किती पटतं, कळत नाही.

वहिनींना सगळं नागपूरला कळलं. परत आल्यावर दुकानात येऊन म्हणाल्या, "मले तुमी त्याच दिवशी सांगाले पाह्यजे होतं." पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं त्याच्या घरच्यांना परस्पर सांगायचं नाही, हा नियम मी आजवर मोडलेला नाही आणि तो बरोबरच आहे असं मला वाटतं. पण त्या लिव्हरसाठी वहिनींचं पोट चिरलं गेलं होतं. त्या लिव्हरचं काय होतंय हे त्यांना कळायला नको होतं, असंही मला म्हणवत नाही.