आधी कॅबिनेट उघडायचं, मग सांगायचं

नांदेडला नव्या मोंढ्याजवळ आम्ही दोघा भावांनी कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे एक मल्टीमीटर, स्क्रू ड्रायव्हरचा सेट अन् ब्लोअर. गिऱ्हाईक सगळं आडतीचं, सीझन लागला की मुनीमजींचा फोन, लवकर या, पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, निघायल्या नाहीत.

सुरुवातीला जे म्हणतील ते रिपेअर करून द्यायचो, नाही म्हणायची हिंमतच नव्हती. एकाचं मशीन तीनदा दुरुस्त केलं, एकदा एसएमपीएस म्हणजे आतला पॉवर सप्लाय, एकदा रॅम, एकदा परत विंडोज, अन् चौथ्यांदा हार्ड डिस्कच गेली, टॅली ह्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधला वर्षभराचा डेटा घेऊन. बॅकअप आम्ही घेतला नव्हता, चूक आमचीच. तो माणूस एक शब्द बोलला नाही, वह्या काढून परत एंट्र्या मारत बसला, ते बघवलं नाही. तेव्हापासून कुठलंबी मशीन आलं की आधी डेटाची कॉपी, मगच बाकीचं.

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर हळदीच्या आडतीतले एक काका आले. त्यांच्या मशीनला इंटेलचा चौथ्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम. "चालू करून चहा पिऊन येतो तरी गोल फिरायलंच असतंय, नवीनच घ्यावं का रे?"

उघडलं तर प्रोसेसरच्या फॅनवर हळदीची पिवळी धूळ, पाती दिसंनात, खालची उष्णता ओढणारी पेस्ट वाळून पापडी झालेली. धूळ काढली, पेस्ट लावली, रॅमच्या पट्टीला खोडरबर मारलं, बोर्डावरचा घड्याळाचा सेल बदलला, कारण तारीख सारखी मागं जायची अन् त्याच्यापायी जीएसटीची साईट उघडत नव्हती. एवढं रिपेअरचं. पण स्लो होतं ते हार्ड डिस्कनं, टास्क मॅनेजरमधी डिस्कचा वापर सारखा शंभर टक्के.

आता विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, अन् विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर अन् टीपीएम २.० ही सिक्युरिटीची सोय लागती, ते ह्या मशीनला जमणार नाही. म्हणून काकांना म्हणलं, हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे त्याहून फास्ट डिस्क, टाका, ती उद्या काढून नव्या मशीनला लावता येती, पण ह्याच्या जुन्या जातीच्या डीडीआर थ्री रॅमवर पैसे घालू नका, नव्या बोर्डात ती बसतच नाही. विंडोज १० च्या जास्तीच्या सिक्युरिटी अपडेटला नोंदवून दिलं, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तवर हळदीचा एक सीझन पदरात पडतो, मग घ्या नवीन. खरं तर त्या दिवशी नवीन मशीन सहज विकलं असतं, पण मला ते पटत नव्हतं.

जुनी हार्ड डिस्क पिशवीत घातली, वरती तारीख लिहिली अन् काकांच्या हातात दिली, तिजोरीत ठेवा म्हणलं.