टेबलाबरोबर पुसली गेलेली नोंद

एका मोठ्या प्रवासी जहाजावर मी डायनिंग रिझर्वेशनच्या डेस्कवर काम करते. मुख्य डायनिंग रूममध्ये रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतात, एक सहाची आणि एक सव्वाआठची. शिवाय वेगळे पैसे भरून जेवायची तीन छोटी रेस्तराँ आहेत. या सगळ्या टेबलांवर कोण, किती वाजता, किती जण बसणार आणि त्यांपैकी कोणाला काय चालत नाही, हे ठरवून लिहून ठेवणे हे आमचे काम. केबिनमध्ये मागवलेले जेवण मात्र आमच्याकडे येत नाही, ते रूम सर्व्हिसकडे जाते. ऑर्डर घेणारी त्यांची माणसे आमच्या खालच्या डेकवर बसतात, त्यांची पॅन्ट्री वेगळी आणि संगणकावरची नोंदपद्धतीही वेगळी. एकाच जहाजावर राहून या दोन विभागांच्या नोंदी एकमेकींना भेटत नाहीत, हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होते. त्यात किती मोठा धोका आहे हे मात्र एका वादळी संध्याकाळी कळले.

त्या दिवशी सकाळी सातच्या आधीच कॅप्टनने घोषणा केली की वाऱ्याचा जोर पाहता बंदरात शिरणे सुरक्षित नाही, त्यामुळे आजचा थांबा रद्द करून जहाज समुद्रातच राहील. बंदराच्या दिवशी निम्म्याहून जास्त प्रवासी दुपारचे जेवण किनाऱ्यावर घेतात आणि गॅलीचा, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराचा, अंदाजही त्यावरच बांधलेला असतो. तो अंदाज एका वाक्यात मोडला. आठ वाजता आमच्या डेस्कपुढे रांग लागली होती, कारण दिवस वाया गेल्यासारखा वाटणाऱ्या माणसाला निदान संध्याकाळ तरी खास हवी असते. साडेदहापर्यंत तिन्ही छोटी रेस्तराँ भरली. प्रतीक्षायादीत नावे घेताना मी प्रत्येकाला खरे तेच सांगत होते, की समुद्र वाढला तर जागा होईल.

दुपारी तीननंतर समुद्र खरोखरच वाढला. जिन्यांच्या कठड्यांना कागदी पिशव्या अडकवल्या गेल्या, उघड्या डेकची दारे बंद झाली, कर्मचाऱ्यांच्या काही लिफ्ट थांबवण्यात आल्या. अशा वेळी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर हेलकावा सर्वांत कमी जाणवतो आणि पुढच्या टोकाच्या वरच्या केबिनमध्ये सर्वांत जास्त. त्यामुळे रद्द होणारी आरक्षणे कुठून येतील याचा अंदाज मला केबिनच्या क्रमांकावरूनच बांधता येत होता. डायनिंग रूममध्ये वेटर ताटे घसरू नयेत म्हणून टेबलांवरची कापडे किंचित ओली करत होते. गॅलीत उकळत्या तेलाच्या कढया बंद झाल्या, चुलींभोवतीचे आडवे गज घट्ट बसवले गेले, आणि रूम सर्व्हिसच्या यादीतून तळलेले सगळे पदार्थ काढून टाकण्यात आले. उरले ते सूप, तेही झाकणाच्या वाटीत आणि अर्धेच भरलेले, हिरवी सफरचंदे, कोरडी बिस्किटे आणि थंड सँडविच. सूप सोडले तर पोट भरायला ब्रेडच राहिला होता, हे लक्षात घ्यावे, कारण पुढचे सगळे त्यावर घडले.

पावणेपाच ते साडेपाच या वेळात मी इतकी आरक्षणे रद्द केली की हात आपोआप चालत होते. केबिन क्रमांक विचारायचा, नोंद उघडायची, सहानुभूतीचे दोन शब्द बोलायचे, रद्दचे बटण दाबायचे आणि पुढचा फोन घ्यायचा. त्यातच नवव्या डेकवरच्या, अगदी पुढच्या टोकाच्या एका केबिनमधून एका गृहस्थांचा फोन आला. सव्वाआठच्या पाळीचे चौघांचे टेबल त्यांना नको होते, कारण पत्नी आणि मोठी मुलगी अंथरुणाला खिळल्या होत्या. मी नोंद उघडली. टेबलाच्या क्रमांकाखाली लाल अक्षरांत लिहिले होते: तीळ, तीव्र ऍलर्जी, वय नऊ, इंजेक्शन जवळ असते. मी ते वाचले आणि बटण दाबले. लाल अक्षरे टेबलाबरोबर पडद्यावरून गेली.

ती माझी चूक होती. नियमाप्रमाणे मी काही चुकले नव्हते, कारण रद्द झालेल्या टेबलाच्या नोंदीचे पुढे काय करायचे हे कुठेच लिहिलेले नव्हते. पण वाचणे आणि समजणे यांत जे अंतर असते, ते त्या क्षणी मी ओलांडले नाही.

त्यानंतर दोन फोन झाले. तिसरा घेताना पलीकडची बाई म्हणाली की आम्ही खाली येत नाही, केबिनमध्येच काहीतरी मागवतो. त्या एका वाक्याने मी थांबले. नवव्या डेकवरचे ते चौघेही उपाशी राहणार नव्हते. टेबल रद्द झाले होते, भूक झाली नव्हती.

मी रूम सर्व्हिसला फोन लावला. तिथल्या सहकाऱ्याने पडदा पाहून सांगितले की त्या केबिनची ऑर्डर वीस मिनिटांपूर्वी आली होती: दोन सूप, दोन चिकन सँडविच, चार सफरचंदे. ऍलर्जीचा रकाना रिकामा होता. मी विचारले, तू विचारले नव्हतेस का? तो म्हणाला, विचारले होते. फोनवर आई होती, तिला धड बोलवत नव्हते, आणि ती म्हणाली की आमची नोंद तुमच्याकडे आहे. त्याला वाटले, नोंद आहे म्हणजे ती पडद्यावर आपोआप दिसेल. दिसली नाही, म्हणजे विशेष काही नसावे. त्याच्याकडे त्या वेळी तीन फोन खोळंबलेले होते, शिवाय उलटीबरोबर जुलाबही होत असतील तर ते जहाजाच्या दवाखान्याला कळवावे लागते, म्हणून तो प्रत्येक केबिनला तेही विचारत होता. मी त्याला दोष देत नाही. त्या आईलाही देत नाही, कारण ती अक्षरशः खरे बोलली होती. नोंद आमच्याकडे होती. प्रवासी जहाजाकडे एक घर म्हणून पाहतो आणि घरातल्या एकाला सांगितलेले सगळ्यांना कळते असे मानतो. हा विश्वास त्याने ठेवूच नये असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

ट्रे पॅन्ट्रीतून निघून गेला होता. केबिनचा फोन सतत व्यग्र लागत होता. बहुधा हेलकाव्याने रिसीव्हर खाली पडला असावा. मी शेजारच्या सहकारिणीला डेस्क सांभाळायला सांगितले आणि कर्मचाऱ्यांच्या जिन्याने निघाले. पाचव्या डेकवरून नवव्यावर. एरवी हे अंतर दीड मिनिटाचे आहे, पण त्या दिवशी एक पायरी वर येऊन भिडत होती आणि दुसरी पायाखालून निसटत होती. दोन्ही हातांनी कठडा धरून चढताना माझ्या डोक्यात एकच हिशोब चालला होता. तीव्र ऍलर्जीचा झटका काही मिनिटांत घसा आवळू शकतो. जहाजावर डॉक्टर आहेत, औषधे आहेत, मुलाजवळ झटका आल्यास लगेच घ्यायचे एपिनेफ्रिनचे इंजेक्शन आहे; पण त्यापुढे रुग्णालयाची गरज पडली तर ज्या वाऱ्याने आम्हाला बंदरात शिरू दिले नाही, त्या वाऱ्यात हेलिकॉप्टर तरी कसे येणार?

दार वडिलांनी उघडले. आत पडदे लावलेले होते, आई आणि मुलगी पलंगावर पडून होत्या, ट्रे जमिनीवर ठेवलेला होता, कारण टेबलावर काहीच टिकत नव्हते. ट्रेशेजारी तो मुलगा मांडी घालून बसला होता. मळमळीवर हिरवे सफरचंद चांगले असे कोणीतरी सांगितल्यामुळे त्याने आधी सफरचंद खायला घेतले होते. त्याच्या डाव्या हातात उरलेले सफरचंद होते आणि उजव्या हातात त्रिकोणी कापलेले सँडविच. मी दारातूनच म्हणाले, "ते कृपया खाली ठेव." त्याने ताबडतोब ठेवले. ऍलर्जी असलेली मुले अशा सूचना किती लवकर ऐकतात, हे मी तेव्हा पाहिले आणि मला फार वाईट वाटले.

वडील गोंधळले. ते म्हणाले, "मी ब्रेड नीट पाहिला, त्यावर तीळ नाहीत." त्यांनी खरोखर पाहिले होते, प्रत्येक तुकडा उलटसुलट करून पाहिला होता. मला स्वतःला खात्री नव्हती, फक्त शंका होती, आणि मी तसेच सांगितले. त्यांचा रिसीव्हर पलंगाखाली सापडला. त्यावरून मी बेकरीच्या शेफला फोन केला. त्याने वेष्टनावरचे घटक एकेक करून वाचले. त्या ब्रेडच्या पिठातच तिळाचे पीठ होते.

तीळ वर दिसत नसताना आत असू शकतात, हे अनेकांना माहीत नसते, म्हणून थोडे सांगते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा वेष्टनावर जाहीर करणे बंधनकारक असलेला नववा प्रमुख ऍलर्जीकारक घटक ठरला. युरोपीय संघाच्या चौदा घटकांच्या यादीत तो आधीपासूनच होता. बेकरीत तिळाचा कणही दुसऱ्या ब्रेडला लागू न देणे अवघड आणि खर्चाचे असते. त्यामुळे नव्या नियमानंतर अमेरिकेतल्या काही उत्पादकांनी उलटा मार्ग धरला: ब्रेडच्या पिठात थोडे तिळाचे पीठ मिसळायचे आणि वेष्टनावर तसे लिहून टाकायचे. कायद्याची अट त्याने पूर्ण होते. पण वेष्टन गॅलीतच राहते आणि केबिनमध्ये पोचतो तो नुसता ब्रेड, ज्याच्याकडे पाहून काहीही कळत नाही. ज्या कायद्याने या मुलांचे रक्षण व्हायचे, त्यातून अशी वाट निघावी याचे मला आजही दुःख होते.

त्या संध्याकाळची एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्याकडे तीव्र ऍलर्जी असलेल्या प्रवाशाकडे हेड वेटर आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवसाचे मेनूकार्ड घेऊन जातो, त्याची पसंती लिहून घेतो, आणि त्याचे जेवण गॅलीत वेगळ्या फळीवर, वेगळ्या भांड्यांत तयार होते. या मुलाने भाजलेले चिकन आणि उकडलेले बटाटे निवडले होते. त्याच्यासाठी तीळविरहित पावाचे बंद पाकीटही बाजूला काढून ठेवलेले होते. म्हणजे त्याचे स्वतःचे, निर्धोक जेवण त्याच जहाजावर, काही डेक खाली, सव्वाआठची वाट पाहत होते. मी हेड वेटरला फोन करून ते लगेच केबिनमध्ये पाठवायला सांगितले. लिफ्ट बंद असल्यामुळे तो स्वतः जिन्याने ते घेऊन आला, एक हात कठड्यावर आणि दुसऱ्या हातात छातीशी धरलेले झाकलेले ताट. त्या मुलाने ते सगळे संपवले. बाहेर समुद्र तसाच होता, पण त्याला एकट्याला त्या केबिनमध्ये काहीही होत नव्हते.

रात्री अकरानंतर मी घडलेले लिहून काढले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही विभागांची बैठक झाली. संगणकाच्या नोंदी जोडायला वेळ लागणार होता, तो लागलाही. तोवर आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली: लाल नोंद असलेले टेबल रद्द झाले की डेस्कवरच्या व्यक्तीने त्याच क्षणी खालच्या डेकवर फोन करून केबिन क्रमांक आणि पदार्थ तोंडाने सांगायचा आणि समोरच्याने तो परत म्हणून दाखवायचा. रूम सर्व्हिसचा प्रश्नही बदलला. "कोणाला ऍलर्जी आहे का?" याला "नोंद आहे" हे उत्तर येऊ शकते, "कोणता पदार्थ चालत नाही?" याला ते येऊ शकत नाही, तिथे पदार्थाचे नावच घ्यावे लागते. माझ्या मते त्या बैठकीतून निघालेली सर्वांत मोलाची सुधारणा ही होती, आणि ती त्याच सहकाऱ्याने सुचवली ज्याने ती ऑर्डर घेतली होती.

दोन दिवसांनी समुद्र शांत झाला. सकाळी ते वडील मुलाला घेऊन डेस्कवर आले. त्यांना त्या रात्रीसाठी चौघांचे टेबल हवे होते, आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या सहलीसाठी लवकर निघायचे असल्यामुळे सकाळचा नाश्ता केबिनमध्ये हवा होता. मी काही विचारण्याआधी मुलानेच केबिनचा क्रमांक सांगितला आणि पाठोपाठ म्हणाला, "तीळ, पिठातलेसुद्धा." मी ते आधी टेबलाच्या नोंदीत लिहिले, मग पडदा त्यांच्याकडे वळवला, फोन उचलला, आणि त्या दोघांच्या देखत खालच्या डेकवर तेच शब्द सांगितले. पलीकडून ते शब्द परत ऐकू येईपर्यंत मुलगा तिथेच उभा होता.