गायतोंडे: रोलर ते शाई

आज अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंची चित्रं पुन्हा निवांत पाहिली. १९४८ मध्ये मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून पदविका घेतली तेव्हा लघुचित्रांच्या वळणाची रेषा, सपाट रंग. पुढे ब्रश मागे पडला. रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची, खरवडायची बोथट सुरी) आले. तैलरंगाचा पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, वर दुसरा. मग कुठे खरवडायचं, कुठे कागद दाबून रंग उचलायचा. घाई केली की खालचा ओला थर मिसळून सगळं मळकट होतं. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा कमी असेल तर पुढे तडे जातात (हे विद्यार्थी हमखास विसरतात!). १९८४ मध्ये गायतोंडेंना अपघात झाला, त्यानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षं थांबले, कागदावर शाई आली. शाई लगेच मुरते, खरवडायची सोय नाही. ही छोटी रेखाटनं लोक उगाच घाईत ओलांडतात.