प्रेज्मेरची चाळ

रोमानियाच्या सहलीवर आलेल्या मराठी पर्यटकांना ब्रानचा 'ड्रॅक्युलाचा किल्ला' बघायचा असतो, आणि टूर मॅनेजर म्हणून मी तो दाखवतोही. पण त्या दिवशी ब्रानला जाण्याआधी मी ब्राशोव्हजवळच्या प्रेज्मेर गावी बस थांबवली, तेव्हा आणखी एक चर्च कशाला, अशी कुरकुर सुरू झालीच होती.

बाहेरून दिसते ती केवळ सुमारे 12 मीटर उंचीची पांढरी भिंत, वर थोड्या जंग्या आणि खिडकी एकही नाही. ट्यूटॉनिक सरदारांनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने, तेराव्या शतकात येथे चर्च उभारायला घेतले आणि पुढे तुर्कांच्या स्वाऱ्या वाढल्यावर गावातल्या सॅक्सन, म्हणजे जर्मन वंशाच्या, शेतकऱ्यांनी त्याभोवती तीन-चार मीटर जाडीचा हा तट बांधला, असे मी सवयीने सांगू लागलो. वसईच्या किल्ल्यातही चर्च आहेतच, असे कोणीतरी म्हणाले. ते खरे असले, तरी तो किल्ला पोर्तुगीज सत्तेचा होता. येथे गावानेच आपल्या चर्चचा किल्ला केला.

लांब बोळातून आत गेलो आणि गिरगावातल्या चाळीत जन्म काढलेले आमच्या गटातले एक आजोबा अंगणातच थबकले. तटाला आतून चिकटून मजल्यावर मजले, लाकडी जिने, कठड्याच्या अरुंद गॅलऱ्या आणि ओळीने क्रमांक घातलेली दारे.

"अहो, ही तर आमची चाळ!" ते म्हणाले.

अशा सुमारे 270 खोल्या तेथे आहेत. गावातल्या प्रत्येक कुटुंबाला आपली खोली ठरलेली असे. वेढा पडला की बिऱ्हाड तिथे हलायचे आणि एरवी तिच्यात धान्य साठवलेले असायचे. हे मी अनेक गटांना सांगितले होते, पण बुरूज, जंग्या, वरून डांबर ओतण्याच्या जागा यांच्या वर्णनानंतर, जवळजवळ शेपटासारखे. आजोबांनी मात्र बुरुजांकडे पाहिलेही नाही. एवढी माणसे महिनाभर कोंडली तर भांडणे किती होत असतील, वरच्या मजल्यावर धान्याची पोती कोण चढवत असेल, एवढेच ते विचारत राहिले आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. वेढ्याच्या काळातही मुलांची शाळा भरावी म्हणून तटातच ठेवलेला वर्ग दाखवला, तेव्हा दोन निवृत्त शिक्षिका बाकांपाशी बराच वेळ रेंगाळल्या.

ब्रानला आम्ही दीड तास उशिरा पोहोचलो. रांग मोठी होती आणि त्याबद्दल मला बोलणीही खावी लागली. आजोबा मात्र बसमध्येच बसून राहिले. प्रेज्मेरच्या दारांचे फोटो ते मुंबईच्या जुन्या शेजाऱ्यांना पाठवत होते.