‘दिसलं का?’ नव्हे, ‘काय दिसलं?’ : कोजागिरी ते माघ, आकाशदर्शनाच्या नोंदी

ऑक्टोबरपासून चार कार्यक्रम झाले. तीन नागपुरात मानेवाड्याकडच्या एका शाळेच्या मैदानावर, एक शहराबाहेर. साधनं मागच्या वर्षीचीच : माझी आठ इंची डॉब्सोनियन (आरशाची दुर्बीण, नाभीय अंतर 1200 मिमी), गटातल्या ताईंची 70 मिमीची भिंगाची दुर्बीण आणि एक 10×50 बायनॉक्युलर. माणसं आम्ही पाच. वहीत आधी ‘किती लोक आले’ असा रकाना असायचा. यंदा तो खोडला आणि ‘काय दिसलं म्हणाले’ असा नवा आखला. त्याचं कारण कोजागिरीच्या रात्री घडलं.

6 ऑक्टोबर 2025, कोजागिरी

दुर्बीण वापरणाऱ्या कुणालाही विचारा, पौर्णिमा ही चंद्र बघायची सगळ्यात वाईट रात्र. ऊन समोरून पडतं, सावल्या नाहीत, त्यामुळे विवरं सपाट दिसतात. पण कोजागिरीला लोक आपणहून बाहेर येतात, दूध आटवलेलं असतं, माना आधीच वर असतात. अशी गर्दी पुन्हा मिळत नाही म्हणून आम्ही दुर्बीण लावतोच.

रांगेत एक आजी होत्या. त्यांनी डोळा लावला, मी विचारलं, “दिसलं का?” “हो जी, दिसलं,” म्हणून त्या बाजूला झाल्या. मागून त्यांचा नातू वाकला आणि म्हणाला, “इथं त काहीच नाही. नुसतं पांढुरकं दिसून राहिलं.” बघितलं तर नळीला कुणाचा तरी हात लागून चंद्र क्षेत्राबाहेर, म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्याबाहेर गेला होता, कडेचा उजेड तेवढा आत येत होता. आजींना वाटलं, चंद्र जवळून असाच दिसत असेल. त्यांच्या आधीच्या किती जणांनी त्या रिकाम्या उजेडाला ‘दिसलं’ म्हटलं असेल, ते कळायला मार्ग नव्हता.

आजींना परत बोलावलं. या वेळी त्या उठल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “बाप्पा! एवढा मोठा?”

लोक खोटं बोलत नाहीत. मागे रांग असते, दाखवणारा आपुलकीने विचारत असतो, आणि काय दिसायला हवं हे माहीत नसल्यामुळे जे दिसतं तेच ते असेल असं वाटतं. म्हणून त्या रात्रीपासून ‘दिसलं का?’ हा प्रश्न आम्ही बंद केला. विचारायचं ते ‘काय दिसलं?’ असं. त्या रात्री उपयोगाला आला तो चंद्रावरचा ससा. रांगेतच प्रत्येकाला नुसत्या डोळ्यांनी ससा शोधायला लावला. मग डॉब्सोनियनमधून बघितल्यावर विचारलं, “ससा सरळ आहे की उलटा?” आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते. ‘उलटा’ असं उत्तर आलं की समजायचं, चंद्र खरंच बघितला.

पौर्णिमेला एक गोष्ट मात्र इतर दिवसांपेक्षा चांगली दिसते : टायको विवरातून फुटलेले पांढरे पट्टे. विवर सुमारे 85 किमीचं, पण पट्टे त्याच्या कितीतरी पट लांब पसरलेले. पुढच्या कोजागिरीला फक्त ससा आणि टायको, बाकी काही दाखवायचं नाही, असं ठरवून टाकलं आहे.

29 नोव्हेंबर

शनीचा दिवस. चंद्रही त्याच्या शेजारीच होता. आणि चूक पूर्णपणे माझी झाली.

आधी चाळीस मिनिटांचं भाषण, प्रोजेक्टर, पडद्यावर शनीची ती प्रसिद्ध छायाचित्रं, रुंद उघडलेली कडी. वास्तविक 23 मार्च 2025 ला कड्यांचं प्रतल पृथ्वीच्या रेषेत आलं होतं, आणि नोव्हेंबरअखेरीस ती पुन्हा जवळजवळ मिटलेली होती, एक अंशही कललेली नव्हती. दर पंधरा वर्षांनी येणारी ही गोष्ट मला ठाऊक होती. तरी चित्रं जुनीच दाखवली. लोक दुर्बिणीत ते चित्र शोधत राहिले. एक कॉलेजचा मुलगा बराच वेळ बघून म्हणाला, “सर, कडी कुठंय?” त्याच्या आवाजात नाराजी नव्हती. त्याला वाटत होतं की आपल्यालाच बघता येत नाही. ते मला फार लागलं.

मग शाळेच्या स्वयंपाकघरातून एक स्टीलचं ताट मागून आणलं. ते समोर तिरपं धरलं की लंबगोल, डोळ्यांच्या रेषेत आणलं की नुसती रेघ. कडी पावणेतीन लाख किलोमीटर रुंद आहेत, पण जाडी बहुतेक ठिकाणी जेमतेम दहाएक मीटर, म्हणून कडेने बघितल्यावर उरते ती रेघ. रांगेतल्या उरलेल्या प्रत्येकाला हे ताट दाखवून मगच दुर्बिणीकडे सोडलं. उत्तरं बदलली. ‘सुई’, ‘रेघ आहे मधातून’, आणि एका लहान मुलीचं ‘बोराला टाचणी टोचली’. ही तिन्ही वहीत लिहून ठेवली आहेत. कड्यांचं असं रूप आता 2038 च्या सुमाराशिवाय दिसणार नाही. म्हणजे त्या लोकांना दुर्मीळ काहीतरी दिसत होतं आणि मी त्यांना सांगितलं होतं नेहमीचं.

त्या दिवसापासून भाषण बारा मिनिटांचं. प्रोजेक्टर नाही, त्याच्या उजेडाने डोळे अंधाराला सरावायची वीस-तीस मिनिटंही वाया जातात. आज जे तीन-चार दाखवणार तेवढंच बोलायचं, आणि ते दुर्बिणीत किती लहान, किती फिकं दिसेल ते आधीच स्पष्ट सांगायचं.

रांगेचं गणितही त्याच रात्री नीट मांडलं. आकाश तासाला 15 अंश सरकतं. 25 मिमीच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) माझ्या दुर्बिणीत 48 पट वर्धन आणि साधारण एक अंशाचं क्षेत्र मिळतं, म्हणजे ग्रह एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला चारेक मिनिटं. 10 मिमी लावला की 120 पट, पण ग्रह पावणेदोन मिनिटांत बाहेर. शनी 120 पटीतच बरा दिसतो, तेव्हा दोन माणसांनंतर दुर्बीण पुन्हा लावायलाच हवी. प्रत्येकी पाऊण मिनिट धरलं तरी 80 लोकांना एका वस्तूसाठी एक तास. एका दुर्बिणीवर तीन वस्तू दाखवण्याचा बेत म्हणजे शेवटच्या माणसाला घरी पाठवण्याचा बेत. आता एका दुर्बिणीवर एका वेळी एकच वस्तू, आणि दुसरी वस्तू रांग संपल्यावर.

13 डिसेंबर

मिथुन उल्कावर्षाव, रामटेकच्या पुढे ओळखीच्या शेतात. दुर्बिणी मुद्दामच नेल्या नाहीत. सतरंज्या, गोधड्या, थर्मासमध्ये चहा. चंद्र मध्यरात्रीनंतर बऱ्याच वेळाने उगवणार होता, तोवर अंधार आमचा. या उल्का 3200 फेथॉन या लघुग्रहाने मागे सोडलेल्या कणांच्या, बहुतेक वर्षाव धूमकेतूंमुळे होतात, हा वेगळा. एवढं सांगून गप्प बसलो. इथे ‘काय दिसलं’ विचारायची गरजच नव्हती, प्रत्येक उल्केला शेतभर आवाज उठत होता. दक्षिणेला अगस्त्य तारा दिसला, नागपुरातून तो जेमतेम सोळा अंशांवर येतो आणि मैदानावरून शेजारच्या इमारतींमागे जातो. पेंचला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेलं क्षेत्र) जाहीर झालं, ते आपल्यापासून दीड-दोन तासांवर आहे. शहरातल्या कार्यक्रमाला नेमाने येणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी तिकडचा अंधार बघावा असं मला मनापासून वाटतं.

24 जानेवारी 2026, माघ शुद्ध षष्ठी

तारीख ठरवायला मी दिनदर्शिकेतली तिथी बघतो. शुद्ध षष्ठी ते नवमी यांतला शनिवार मिळाला की काम झालं : चंद्र संध्याकाळी वर, अर्धा उजळ, अंधार-उजेडाच्या रेघेवर सावल्या लांब. बाकी कुठलं ॲप उघडावं लागत नाही.

भाषणाला संत्रं आणि बोर. साडेसात सेंटिमीटरचं संत्रं म्हणजे पृथ्वी धरली तर दोन सेंटिमीटरचं बोर म्हणजे चंद्र. एकाच्या हातात बोर देऊन म्हटलं, “चंद्र जिथं असेल तिथं उभा राहा.” तो वीतभर अंतरावर उभा राहिला. लोकांनी त्याला मागे सरकवलं, आणखी मागे, तरी अर्ध्या मीटरवरच. खरं अंतर सव्वादोन मीटर. तो तिथे पोहोचला तेव्हा सगळे शांत झाले. मग एका काकांनी विचारलं, “मग गुरू केवढा?” दोन्ही हात पसरून ऐंशी सेंटिमीटर दाखवले. बारा मिनिटं इथेच संपली.

ताईंची दुर्बीण चंद्रावर. थिओफिलस, सिरिलस, कॅथरिना ही तीन विवरं सावलीच्या रेघेजवळ. थिओफिलस शंभरेक किलोमीटर रुंद, मधला डोंगर उजळलेला. अपोलो 11 जिथे 1969 मध्ये उतरलं तो शांतिसागराचा भागही जवळच. चंद्रयान-3 चं विचारणारे प्रत्येक वेळी असतात, आणि त्यांना टाळायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. दक्षिण टोकाकडचा भाग दाखवायचा, 23 ऑगस्ट 2023 ला विक्रम कुठल्या बाजूला उतरला ते सांगायचं, आणि माझ्या आठ इंची दुर्बिणीतूनही दोनेक किलोमीटरपेक्षा लहान काही ओळखू येत नाही, विक्रम तर काही मीटरचा, हेही सांगायचं. हे ऐकून कुणी हिरमुसत नाही. उलट पुन्हा डोळा लावतात.

डॉब्सोनियन आधी थोडा वेळ गुरूवर, मग शनीवर, तो दहाच्या आत मावळणार म्हणून. शनीनंतर पुन्हा गुरूवर. यंदा गुरू मिथुन राशीत, नागपुरातून रात्री अकराच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो, आणि अगदी डोक्यावर डॉब्सोनियन वळवणं फार अवघड. तेव्हा गुरू नऊच्या आत उरकायचा. हे डॉब्सोनियनवाल्यांनी लिहून ठेवावं.

नवी गोष्ट म्हणजे कार्ड. पत्त्याएवढ्या कागदावर एक गोल छापलेला, शेजारी पेन्सिल. गुरूच्या कुठल्या बाजूला किती ठिपके (म्हणजे त्याचे चंद्र), ते बघून आल्यावर काढायचे. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये हेच केलं होतं. बघायला लागणारा वेळ वाढला, पण रांगेचा आवाज कमी झाला, कारण कार्ड काढून झालेले लोक एकमेकांची पडताळत बसले. पावणेसातला बघून गेलेला एक सातवीतला मुलगा शनी झाल्यावर, पावणेनऊला पुन्हा रांगेत लागला. दुसरं कार्ड पहिल्याशेजारी धरून म्हणाला, “हा जागेवरून हलला.” आयो हा चंद्र गुरूभोवती साडेबेचाळीस तासांत फेरी मारतो, तेव्हा दोन तासांत फरक दिसतोच. पण मी ते सांगितलं नव्हतं. वहीच्या त्या रकान्यात आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच.

शेवटी मृगातला तेजोमेघ. शहरात तो राखाडी धुकं आणि मधे चार तारे एवढाच. छायाचित्रातला गुलाबी रंग डोळ्याला दिसणार नाही हे आधीच सांगितलं. हा उजेड तेराशे वर्षांपूर्वी निघाला, एवढं म्हणून बाजूला झालो.

किरकोळ सुधारणा : दुर्बिणीजवळ जुनी खुर्ची ठेवली, वाकताना लोक नळीऐवजी तिची पाठ धरतात, प्रतिमा जागची हलत नाही. डॉब्सोनियनचा आयपीस उंच वस्तूलाही कमरेच्या वरच असतो, म्हणून गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना त्याच खुर्चीत बसवून दाखवता आलं. टॉर्चला संक्रांतीचा उरलेला लाल पतंगाचा कागद दोन पदरी लावला. मोबाइलचे फोटो फक्त चंद्राचे, ताईंच्या दुर्बिणीवर, नऊनंतर. हिरवा लेझर विमानतळाच्या दिशेला वळवायचा नाही, तो एकाच माणसाच्या हातात. गच्चीवर कार्यक्रम घेण्याची सूचना आली होती, ती नाकारली : दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि ग्रह उकळल्यासारखे दिसतात. गवताचं मैदान बरं. दुर्बीण मात्र तासभर आधी बाहेर काढावी लागते, आरसा निवायला. एकच खंत, साडेआठला मैदानाचा मोठा दिवा आपोआप लागला आणि बंद करायची किल्ली कुणाकडेच नव्हती. पुढच्या वेळी आदल्या दिवशीच जाऊन विचारायचं.

पुढचं : 3 मार्च, फाल्गुन पौर्णिमेचं चंद्रग्रहण. खग्रास भाग आपल्याकडे चंद्र उगवण्याआधीच संपतो. सव्वासहाच्या सुमारास ग्रासलेला चंद्र उगवेल आणि 6:47 ला ग्रहण सुटेल. मिळणार जेमतेम अर्धा तास, तोही क्षितिजालगत, म्हणून मैदान चालणार नाही, पूर्वेला पूर्ण मोकळी जागा हवी. उमरेड रोडकडची दोन ठिकाणं रविवारी संध्याकाळी बघून येणार आहे. नंतर 26 मे, शून्य सावलीचा दिवस (सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो), दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास, भर नवतपातला. त्याला दुर्बीण लागत नाही, एक उभी काठी आणि माठभर पाणी पुरेल. ‘काय दिसलं?’ तेव्हाही विचारणार आहे.