दोन संघटना, एक मैदान

‘खरी संघटना आमचीच’ असं दोन गट म्हणू लागले की पहिला फटका मुलींच्या गावपातळीवरच्या रग्बी स्पर्धेला बसतो. स्पर्धेला संघटनेची मंजुरी लागते; ती वादात अडकली तर नोंदणीकृत रेफरी यायला कचरतात, विम्याचा दावा अडतो, प्रमाणपत्र पुढच्या निवडीत कुणी धरत नाही. म्हणून मैदान ठरवण्याआधी मंजुरी लेखी घ्या. पत्रात तारीख आणि वयोगट हवाच. तोंडी होकार पदाधिकारी बदलला की हवेत विरतो.

सेव्हन्सला (सात-सात जणींच्या रग्बीला) १२ जणींची यादी: ७ मैदानात, ५ राखीव. वयाचे मूळ दाखले कुणाकडेही देऊ नका, प्रतीच द्या. बदली रेफरी आलाच, तर १९ वर्षांखालील स्क्रममध्ये (दोन्ही संघ खांदे भिडवून चेंडूसाठी एकमेकांना ढकलतात त्यात) दीड मीटरपलीकडे ढकलता येत नाही हे त्याला ठाऊक आहे ना, आधी विचारा. इथे चूक झाली तर मान दुखावते, आणि त्याची जबाबदारी दोन्ही गट झटकतात.