पेटी भरण्याआधी: वसईतून मिशनला निघणाऱ्यांसाठी

मिशनला गेलेल्या मुलाला किंवा मुलीला घरून पहिला प्रश्न येतो तो जेवणाचा. भात मिळतो का, मासळी मिळते का? काळजी साहजिक आहे, पण इथे पश्चिम केनियात, किसुमूच्या परिसरात, ताटाचा प्रश्न दोन महिन्यांत सुटतो. उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ घालून, घोटून घट्ट केलेली उगाली उजव्या हाताने मोडायची, अंगठ्याने तिला खळगा पाडायचा आणि त्यात भाजी उचलायची. व्हिक्टोरिया सरोवरातली ओमेना ही बारीक चंदेरी मासळी वाळवून बाजारात ढिगाने विकतात. सुकट खाऊन वाढलेल्याला तिचा वास परका वाटत नाही. सोडायला जड जातो तो स्वतःचं स्वतः ठरवण्याचा हक्क, आणि त्याची तयारी वसईतच सुरू व्हायला हवी.

मिशनला पाठवणाऱ्या संन्यस्त संघात शिरताना घ्यायची व्रतं तीन: ब्रह्मचर्य, निर्धनता आणि आज्ञापालन. ती एका दिवसात घेतली जात नाहीत. नवदीक्षेचा, म्हणजे व्रतांआधीच्या तयारीचा काळ किमान १२ महिन्यांचा. त्यानंतरची पहिली व्रतं ठरावीक मुदतीची असतात. ही मुदत साधारण तीन ते सहा वर्षांची, काही कारणाने वाढवली तरी एकूण नऊपर्यंत. आजन्म व्रतं त्यानंतर, तीही वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्यावरच.

निर्धनतेबाबत आपल्याकडे एक चूक वारंवार होते. पहिल्या व्रतांपूर्वी आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपवावा लागतो, पण मालकी सहसा जात नाही. घरच्यांना वाटतं, आता हिला वाडीचा काय उपयोग? मग घाईघाईने हक्कसोड पत्रावर सही होते आणि सातबाऱ्यावरून नाव जातं. तीन वर्षांनी तिला पुढची व्रतं घ्यायची नसतील तर ती रिकाम्या हाताने परत येते. ख्रिस्तसभेच्या कायद्याने हा काळ विचारासाठीच ठेवला आहे. म्हणून सही घाईने करू नये. आजन्म व्रतांआधी मृत्युपत्र करावंच लागतं, आणि ते देशाच्या कायद्यानेही टिकलं पाहिजे. आपल्याकडे त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. वसईत जमिनीचे भाव पाहता हे काम वकिलाला विचारूनच करावं.

आज्ञापालन म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असं समजणारे पुष्कळ. नेमणुकीआधी वरिष्ठ बोलावून विचारतात, तेव्हा सगळं सांगणं हाच आज्ञापालनाचा पहिला भाग आहे. जुनं दुखणं, आईवडिलांची तब्येत, भाषा शिकण्याची कुवत, मनातली भीती, काहीही झाकू नये. अडचण असेल तर आधी तोंडी सांगावी, मग कारणांसह लेखी द्यावी. निर्णय झाला की मात्र तो आपला मानून कामाला लागावं. बिघडतं ते उलट वागल्याने: समोर ‘हो’ म्हणायचं आणि पुढची दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर कुरकुरत राहायचं. अशा एका माणसामुळे सगळं घर आंबतं.

वरिष्ठांनाही मर्यादा आहेत, आणि त्या प्रत्येक नवख्याला माहीत असाव्यात. आज्ञा संघाच्या घटनेला धरून हवी. सदस्यांचं ऐकून घेणं हे वरिष्ठांचं कर्तव्यच आहे. कुणालाही आपलं अंतःकरण उघडं करायला भाग पाडण्याची त्यांना मनाई आहे. प्रांताधिकारी, म्हणजे संघाच्या प्रांताचे प्रमुख, भेटीला येतात तेव्हा त्यांच्याशी मोकळेपणाने बोलण्यापासून कुणी अडवू शकत नाही. पापाची किंवा बेकायदेशीर आज्ञा पाळायची नसते. हे ठाऊक नसेल तर नम्रता कुठे संपते आणि भीती कुठे सुरू होते ते कळत नाही, आणि तरुण माणसं आतून मोडतात.

आपला वसईचा संत गोन्सालो गार्सिया इथे फार जवळचा वाटतो. जपानमध्ये जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर त्याने अनेक वर्षं काम केलं, पण त्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. काही काळ व्यापार करून तो मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला, धर्मगुरू नव्हे. १५९३ साली तो फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर जपानला परतला, तो दुभाषा म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला इतर २५ जणांसह त्याला क्रुसावर मारण्यात आलं. आपण त्याचं हौतात्म्य आठवतो. पण दुभाष्याचं काम काय असतं याचाही विचार करावा: तोंड आपलं, शब्द दुसऱ्याचे, पदरचं काही घालायचं नाही. तो त्याग रोजचा होता.

भाषेच्या वर्गात तो त्याग आपल्यालाही करावा लागतो. गावाकडे प्रवचनाने माणसं हलवणारा धर्मगुरू इथे पहिले काही महिने शाळकरी पोरांसारखा चुकतो आणि मुलं हसतात. स्वाहिली मराठी माणसाला थोडा हात देते: दुनिया, रंगी, गारी, चाय, दुका म्हणजे दुकान, हबारी म्हणजे खबर. पण किताबू म्हणजे पुस्तक आणि त्याचं अनेकवचन विताबू, हे बसायला वेळ लागतो. घड्याळ तर सहा तासांनी फिरलेलं. ‘सा तातू’ म्हणजे शब्दशः तिसरा तास, म्हणजे सकाळचे नऊ. हे न कळल्यामुळे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चुकते. त्यात किसुमूच्या खेड्यांत घरातली भाषा धोलुओ, म्हणजे स्वाहिलीनंतर पुन्हा पहिलीपासून सुरुवात.

धर्मग्रामातही, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीतही, मालक व्हायचं नसतं. बिशप इथले, धर्मशिक्षक इथले, आणि दूरच्या वस्त्यांवरची रविवारची प्रार्थना बहुधा तो धर्मशिक्षकच चालवतो. घरोघरी कोण आजारी, कुणाचं कुणाशी बोलणं बंद, हे त्यालाच ठाऊक. गावाला न विचारता, वसईतून पैसे मागवून पंप बसवला तर मिशनरीची बदली झाल्यावर तो बिघडतो आणि दुरुस्तीला कुणी पुढे येत नाही, कारण तो ‘फादरचा पंप’ असतो. आधी गावाची वर्गणी, गावाची समिती, चावी गावाकडे, आणि त्यानंतरच बाहेरचा पैसा. याने काम वर्षभर लांबतं. लांबू द्यावं.

निघण्याआधीची कामं थोडक्यात. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. दाखला आता आजन्म चालतो, पण तो जपून ठेवावा, कारण तो नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, आणि मच्छरदाणी रोज लावावी. धार्मिक कामाचा क्लास आय परवाना इथली संस्था काढते. घरून आलेला बाटली मसाला, म्हणजे आपल्याकडचा बाटलीत भरून ठेवायचा मसाला, सामायिक स्वयंपाकघरात जातो, आपल्या खोलीत नाही. घरच्यांनी तेवढा जास्त द्यावा.

सगळ्यात अवघड बोलणं आईवडिलांशी करायचं असतं, आणि तेच बहुतेक जण टाळतात. घरी कुणी गेलं तर माती दुसऱ्या दिवशीच होते. नैरोबीहून मुंबई आणि मुंबईहून वसई गाठेपर्यंत ती होऊन गेलेली असू शकते. थांबायचं की नाही, किती थांबायचं, हे आधीच ठरवून भावंडांना सांगावं. पासपोर्टची मुदत आणि परत येण्याचे कागद वर्षातून दोनदा तपासावेत. तातडीच्या तिकिटाबद्दल संघाचा नियम काय, हेही नेमणुकीच्या वेळीच विचारावं. तो प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. फोनची वेळ ठरलेली असावी. केनियाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणजे वसईत जेवणं आटोपून रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा इथे साडेसहा, नुकताच अंधार पडायला लागलेला असतो.